गार पाण्याची दगडमाशी

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आपल्याला कढत पाणी हवे असते. पण पाणी जरा कोमट झाले की जिचा जीव कासावीस होतो, अशीही एक प्राणिजात आहे! इंग्रजीत तिला ‘स्टोनफ्लाय’ म्हणतात. आपण दगडमाशी म्हणू.

तिची पिल्ले ओढ्यातल्या दगडांखाली वर्ष-दोन वर्षे काढतात. गार, खळाळत्या पाण्यात प्राणवायू अधिक. त्यावरच त्यांचा प्राण. पंख फुटल्यावरचे आयुष्य मात्र थोड्या आठवड्यांचे.

हिच्या साडेतीन हजारांहून अधिक जाती जगभर पसरल्या आहेत. अंटार्क्टिका तेवढा सुटला. आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतही काही नांदतात. गंमत पाहा, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील काही जाती एकमेकींच्या भाऊबंद! उडण्यात दुबळ्या असलेल्या या माशांनी महासागर ओलांडला कसा? ओलांडलाच नाही. पूर्वी ते भूखंड जोडलेले होते. जमीन दुभंगली आणि भावकी पांगली. पर्मियन काळातल्या, म्हणजे २५ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या खडकांतही या घराण्याचे ठसे सापडतात.

एवढे पुरातन घराणे, पण आज त्याच्या एका शाखेवर संकट आले आहे. अमेरिकेतील मोंटानाच्या डोंगरांत, हिमनद्यांच्या वितळपाण्यात ‘लेडनिया टुमाना’ राहते. हिमनद्या आटू लागल्या, तशी २०१९ मध्ये तिची नोंद धोक्यातील जातींच्या सरकारी यादीत झाली. गारव्यासाठी ती वर वर सरकेलही. पण शिखर गाठल्यावर पुढे कोठे जाणार?