मंगळाची हाक, खोडदचे कान

पेणजवळच्या हमरापूरहून अलिबाग काही लांब नाही. तिथली चुंबकीय वेधशाळा मूळची मुंबईची, कुलाब्याची! शहरात विजेवरची ट्राम येणार म्हटल्यावर पृथ्वीच्या चुंबकत्वाची नाजूक मोजमापं बिघडणार, हे वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी ओळखलं. १९०४ साली नोंदी अलिबागेत सुरू झाल्या. परग्रहावरची हाक ऐकू पाहणाऱ्यांच्या मार्गातही पहिला अडसर हाच, माणसाचा गोंगाट.

१८९९. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्जच्या प्रयोगशाळेत निकोला टेस्लाला यंत्रावर एक, दोन, तीन असे ठोके आले. दुसऱ्या ग्रहावरून कुणीतरी बोलतंय, अशी त्याची खात्रीच पटली. पुढे बिनतारी संदेशवाल्या मार्कोनीला आलेल्या गूढ संदेशांवरूनही मंगळाची चर्चा रंगली.

सगळ्यात भारी किस्सा ऑगस्ट १९२४चा. मंगळ पृथ्वीपासून साडेपाच कोटी किलोमीटरच्या आसपास आला होता. खगोलशास्त्रज्ञ डेव्हिड टॉड यांनी आग्रह धरला, की दर तासाला पाच मिनिटं सगळी रेडिओ केंद्रं गप्प बसवा. अमेरिकी नौदलाने आपल्या केंद्रांना कान उघडे ठेवायला सांगितलं. संदेश आलाच तर उलगडायला विल्यम फ्रीडमन हा सांकेतिक लिपीचा जाणकारही तयार! एका यंत्राने लहरी फोटोच्या कागदी पट्टीवर उतरवल्या, तेव्हा लोकांना त्या रेघांत चक्क माणसांचे चेहरे दिसले. मंगळाचं उत्तर मात्र आलं नाही.

८ एप्रिल १९६०. अमेरिकेतल्या ग्रीन बँकची २६ मीटरची रेडिओ दुर्बीण खगोलशास्त्रज्ञ फ्रँक ड्रेकने परग्रहवासीयांची हाक ऐकायला दोन जवळच्या ताऱ्यांकडे वळवली. वारंवारता १४२० मेगाहर्ट्झ, म्हणजे हायड्रोजनची. विश्वात कुणालाही ठाऊक असणारी. पहिल्याच दिवशी यंत्र जोरात धडधडलं! पण तो संकेत पृथ्वीवरचाच निघाला.

१९६७ मध्ये केंब्रिजच्या जोसलिन बेलला दर १.३३ सेकंदांनी येणारा ठोका सापडला. त्याला गमतीने ‘हिरवी माणसं’ असं नाव पडलं. निघाला तो पल्सार, गरगर फिरणारा मेलेला तारा. परग्रहवासी सापडण्याइतकाच मोठा शोध, असं मी तरी म्हणेन.

आता आपल्याकडे. १९६५ साली खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी ऑस्ट्रेलियातून भेट मिळालेल्या सहा फुटी ३२ तबकड्या कल्याणला उभारल्या आणि सूर्य ऐकला. त्याच माणसाने पुढे जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळच्या खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण उभी केली. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना! जवळ जाऊन बघा, ताटलीतून आकाश आरपार दिसतं. पृष्ठभाग पत्र्याचा नाही, ताणलेल्या तारांच्या बारीक जाळीचा आहे. त्यामुळे वारा अडत नाही, वजन कमी, खर्चही कमी. जागा निवडताना रेडिओ गोंगाट कमी हवा, हे आधी पाहिलं गेलं.

आणि मंगळाचा आवाज? तो खोडदला खरोखर आला! १९ ऑक्टोबर २०१६ रोजी युरोपचं शियापरेली यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण संकेत जीएमआरटीने थेट पकडला. सुमारे दहा मिनिटांचा प्रवास करून तो इथे पोचत होता. उतरण्याच्या जरा आधी तो तुटला. यान आदळलं होतं.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला मोठं प्रदर्शन भरतं. पेण-रोह्याच्या शाळांनी मुलांना एकदा जरूर न्यावं. फक्त तिथे मोबाइल आठवणीने बंद ठेवा.