बेसचे पिकअप बदलायचेत? आधी घरघर कुठून येते ते शोधा

ज्यांना एसटीत किंवा घरचे झोपल्यावर ऐकायला जमत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हे लिहून काढलेलं रूप. बोलतानाचे ‘म्हणजे’ आणि ‘बघा’ थोडे कमी केलेत, बाकी तसंच ठेवलंय.

आजचा विषय खूप जणांनी मागितलेला: ‘दादा, माझ्या इलेक्ट्रिक बेसला दम नाही, कुठले पिकअप टाकू?’

मी पेशानं सॉफ्टवेअर इंजिनिअर, राहतो वारणानगरात. वारणा म्हटलं की बाहेरच्यांना साखर आणि दूध आठवतं, पण आमच्या भागाला वाद्यांचंही वेड आहे. तात्यासाहेब कोरेंनी सहकाराबरोबर इथे मुलांचा वाद्यवृंदही उभा केला. गावोगावी ऑर्केस्ट्रा, बेंजो पार्टी, भजनी मंडळ आहेच. त्यामुळे हा प्रश्न नुसता हौशी नाही. माझा एक मित्र ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. त्याच्याकडे स्वस्तातला जॅझ पद्धतीचा बेस आहे, दोन पिकअपवाला. बाहेरच्या नामांकित कंपनीचा जोड भारतात येईपर्यंत पाच आकड्यांत जातो, म्हणजे त्याच्या चार-पाच सुपाऱ्यांचे पैसे. एवढे घालायचे तर उगाच घालायचे नाहीत.

पिकअप करतो काय?

पिकअप म्हणजे चुंबक, आणि त्याच्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची लोखंडी तार हलली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत बारीकशी वीज तयार होते. फॅरेडेचा नियम, दहावी-बारावीत पाठ केलेला. बेंजो पार्टीतल्या इलेक्ट्रिक बेंजोला तारांखाली जी पट्टी असते, तिचंही तत्त्व हेच.

यातून दोन गोष्टी लगेच कळतात. एक, तार लोखंडाच्या जातीची हवी, नुसत्या नायलॉनच्या तारेला हा पिकअप ओळखच देत नाही. दोन, पिकअप ‘आवाज’ ऐकत नाही, तो फक्त त्याच्या डोक्यावरच्या तेवढ्याच जागी तार कशी हलतेय ते बघतो. म्हणून जागा फार महत्त्वाची. ब्रिजजवळ तार कमी हलते, तिथला आवाज कडक आणि बारीक. मानेकडे तार मोकळी हलते, तिथला आवाज गोल आणि भरीव. कितीही महागडा पिकअप आणा, तो बसणार जुन्याच खाचेत. खाच ब्रिजजवळ असेल तर ब्रिजजवळचाच आवाज येणार.

बदलायच्या आधी चार तपासण्या

आमच्या धंद्यात एक नियम आहे: कोड कुठे अडतोय ते मोजल्याशिवाय सुधारायला बसायचं नाही. इथेही तेच.

पहिली तपासणी: व्हॉल्यूमचे सगळे नॉब शून्यावर करा. घरघर तशीच राहिली, तर दोष बेसच्या पुढे आहे: केबल, अँप किंवा वायरिंग. पिकअप बदलून काडीचा फरक पडणार नाही.

दुसरी: नॉब उघडा आणि तारांना हात लावा. घरघर कमी झाली तर ब्रिजची ग्राउंड वायर जागेवर आहे. हात लावल्यावर वाढली, किंवा काहीच बदल नसेल, तर ती वायर तुटलीय किंवा उलटी जोडलीय का ते बघा. काम सोल्डरच्या एका थेंबाचं असू शकतं.

तिसरी: बेस गळ्यात ठेवून जागेवरच गोल फिरा. एका दिशेला घरघर वाढते, दुसऱ्या दिशेला जवळजवळ जाते? मग तो सिंगल कॉइल पिकअपचा स्वभाव आहे. जवळचा ट्रान्सफॉर्मर, डिमर, एलईडीचा अडॅप्टर यांचं क्षेत्र तो पकडतोय.

चौथी: जॅझ बेस असेल तर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडा. बहुतेक जॅझ जोडांत एका पिकअपचे वेढे आणि चुंबक दुसऱ्याच्या उलट असतात. दोन्ही सारखे उघडले की घरघर एकमेकांना मारते आणि तारांचा आवाज मात्र बेरीज होतो. एक कमी केला की घरघर परत.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. बेसच्या सगळ्यात जाड तारेवर, म्हणजे ‘ई’ तारेवर, तिसऱ्या फ्रेटचा स्वर ४९ हर्ट्झचा. म्हणजे आपल्याकडची घरघर जवळपास त्याच स्वरात गाते! अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे हे शेजारपण नाही. म्हणून इक्वलायझरवर ५० हर्ट्झ कापून टाकला, तर घरघरीबरोबर तुमचा स्वरही जातो.

माझ्या मित्राच्या बेसवर या चारही तपासण्या केल्या. व्हॉल्यूम शून्यावर तरी घरघर चालूच. बेस निर्दोष सुटला.

आता कान देऊन ऐका: अर्थिंग

बेसच्या तारा ब्रिजमधून, केबलमधून थेट अँपच्या धातूच्या चासीला जोडलेल्या असतात. अँपला अर्थिंग नसेल आणि आत कुठे गळती असेल, तर ती वीज तुमच्या बोटांपर्यंत येते. मग तुम्ही कोरससाठी माइकला ओठ लावता. माइक मिक्सरला, मिक्सर दुसऱ्या बोर्डाला. वीज तुमच्यातून वाट काढते. गणपतीच्या मांडवात, जत्रेत, ओल्या मातीवर उभं राहून हे झालं तर ते जिवावर बेततं.

मित्राच्या एका कार्यक्रमात नेमकं हेच निघालं. अँपची तीन पिनी वायर मधली पिन काढून दोन पिनी बोर्डात खुपसली होती. ‘पिन बसत नव्हती हो’ एवढंच उत्तर. अर्थिंग असलेल्या बोर्डावर तोच बेस, तोच अँप लावला आणि घरघर बरीचशी गेली. पिकअपला हातही लावला नव्हता.

म्हणून तीन गोष्टी लिहून ठेवा. तिसरी पिन कधीच काढायची नाही. मिक्सर आणि अँप एकाच बोर्डावरून घ्यायचे. आणि मांडवाच्या कनेक्शनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का, हे विचारायला लाजायचं नाही. ओठाला नुसती मुंगी आली तरी वाजवणं थांबवायचं.

पैसे खर्चायचा क्रम

अर्थिंग ठीक आहे, तरी आवाज आवडत नाही? मग स्वस्ताकडून महागाकडे जा.

आधी पिकअपची उंची, फुकटात. स्क्रूड्रायव्हर घ्या. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअप यांत साधारण २.५ ते ३ मि.मी. अंतर ठेवून सुरुवात करा, बारीक तारांकडे थोडं कमी. जवळ आणलं की आवाज मोठा आणि कडक, लांब नेलं की मऊ. फार जवळ नेलं तर चुंबक तारेलाच ओढतो आणि सूर डळमळतो.

मग तारा. वर्षभर घामानं माखलेल्या तारांवर कुठलाच पिकअप चमकणार नाही. राउंडवाउंड तारा खणखणीत, फ्लॅटवाउंड मऊ आणि जुन्या गाण्यांसारख्या.

मग खाचेला आतून तांब्याची चिकटपट्टी लावून ती ग्राउंडला जोडणं. यानं बझ कमी होतो. पण सिंगल कॉइलनं पकडलेली चुंबकीय घरघर यानं जात नाही.

एवढं करूनही समाधान नसेल, तर पिकअप. आता खुशाल बदला.

निवडायचा कुठला?

सगळ्यात आधी आकार. लिओ फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ ला आला, त्याला आज दिसतो तो दोन तुकड्यांचा पिकअप मिळाला १९५७ ला. जॅझ बेस आला १९६० ला, दोन लांबट पिकअप घेऊन. हे दोन आकार सगळ्यात सोपे, कारण बदली पिकअप बनवणारे बहुतेक जण ते बनवतात. तिसरा प्रकार सोपबार, साबणाच्या वडीसारखा, आणि त्यात मापंच माप. म्हणून ऑर्डर देण्याआधी लांबी, रुंदी, खोली आणि तारांमधलं अंतर मि.मी.मध्ये मोजा. जॅझमध्ये अजून एक गंमत: मूळ मापात ब्रिजकडचा पिकअप मानेकडच्यापेक्षा सुमारे ३ मि.मी. लांब असतो, पण अनेक स्वस्त बेसवर दोन्ही एकाच मापाचे असतात. फोटो बघून ऑर्डर केलंत तर लाकूड कोरायची वेळ येईल.

मग स्वभाव. प्रिसिजनचे दोन तुकडे एकमेकांच्या उलटे गुंडाळलेले असतात, त्यामुळे तो मुळातच कमी घरघरतो. आवाज भरीव, मधल्या पट्टीत ठाम. ऑर्केस्ट्रात ढोलकी, कीबोर्ड, ऑक्टोपॅड सगळं वाजत असताना तो हरवत नाही. जॅझमध्ये बोटांचे बारकावे जास्त उमटतात. एकच पिकअप उघडून वाजवायची सवय असेल आणि घरघर नको असेल, तर जॅझच्याच आकारातले दुहेरी कॉइलवाले ‘नॉइजलेस’ बघा. आवाजात थोडा फरक पडतो, पण मांडवातल्या लायटिंगशेजारी तो सौदा परवडतो.

चुंबकाबद्दल भांडणं फार. अल्निको म्हणजे ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंड यांचा मिश्रधातू. सिरॅमिक स्वस्त आणि ताकदवान. पण ‘सिरॅमिक म्हणजे वाईट’ असं नाही. वेढे किती, कॉइलचा आकार कसा, यावरही तेवढंच ठरतं.

मग तो आकडा, किलो-ओहम. जॅझ पिकअप साधारण ७ ते ८, प्रिसिजन १० ते ११ च्या आसपास. अनेक जण तो हॉर्सपॉवरसारखा वाचतात. तो फक्त तारेचा रोध आहे. तार त्याच जाडीची असेल तर जास्त रोध म्हणजे जास्त वेढे, म्हणजे आवाज मोठा पण वरची धार कमी. तारेची जाडी वेगळी असेल तर दोन आकड्यांची तुलनाच फोल.

शेवटी, पॅसिव्ह की ॲक्टिव्ह. पॅसिव्ह पिकअपला साधारण २५० किलो-ओहमचे पॉट लागतात. बॅटरीवर चालणाऱ्या ॲक्टिव्ह पिकअपला बहुधा २५ किलो-ओहमचे. म्हणजे पिकअपबरोबर पॉटही बदलावे लागतील, आणि ९ व्होल्टच्या बॅटरीला जागाही. हा खर्च आधीच धरा. आणि बेसमध्ये बॅटरी आहे म्हणजे पिकअप ॲक्टिव्ह, असंही नाही. बऱ्याचदा पिकअप पॅसिव्हच असतात आणि बॅटरी फक्त प्रीअँपसाठी असते.

एकच बदलणार असाल तर

जॅझच्या जोडातला एकच बदलला आणि दोन्ही उघडल्यावर आवाज एकदम पातळ झाला, तर नव्या पिकअपची फेज उलटी आहे. त्याच्या दोन वायरी अदलाबदल केल्या की बास परत येतो. पण चुंबकाची दिशा जुन्यासारखीच असेल, तर आता घरघरही बेरीज होणार. म्हणून आधीच तपासा. कंपासपेटीतलं छोटं होकायंत्र दोन्ही पिकअपवर धरा, सुईची टोकं उलटी वळली पाहिजेत. यासाठी मोबाइल नको, जोरदार चुंबकानं त्याच्या कंपासचं गणित बिघडतं.

मोबाइलवर डेमो ऐकून ठरवू नका

हे खास तुमच्यासाठी, कारण तुम्ही मला मोबाइलवरच ऐकता. बेसच्या ‘ई’ तारेचा मूळ स्वर ४१.२ हर्ट्झ. मोबाइलचा इवलासा स्पीकर तेवढं खाली जातच नाही. तुम्हाला ऐकू येतात वरचे स्वरांश, आणि खालचा स्वर मेंदू स्वतः भरून घेतो. म्हणजे डेमोमध्ये जे ‘लय भारी’ वाटतं, त्यातला बास तुमच्या डोक्यातला आहे! निदान बऱ्या हेडफोनवर ऐका. आणि दोन्ही क्लिपचा आवाज सारखा करून ऐका, कारण जो मोठा तो कानाला चांगला वाटतो.

स्वतःच्या बेसवरही हेच. बदलण्याआधी एकच ओळ रेकॉर्ड करा, बदलल्यावर त्याच तारांवर, त्याच सेटिंगवर परत तीच ओळ. सोल्डर काढण्याआधी वायरिंगचे फोटो काढा. जुना पिकअप फेकू नका, परतीचा रस्ता कायम ठेवायचा.

माझ्या मित्राचं काय झालं? अर्थिंगवाला एक्स्टेन्शन बोर्ड आणि नव्या तारांचा सेट, एवढ्यावर हा सीझन निघाला. पिकअप त्याला अजून हवाच आहे, नॉइजलेस जोड, आणि ती इच्छा खोटी नाही. फक्त आता त्याला माहीत आहे, की तो नेमकं काय विकत घेणार आहे.

तुमच्या बेसवर चार तपासण्या करा आणि काय निघालं ते व्हॉइस नोटवर पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही घेऊ. तोवर वाजवत राहा, आणि तिसरी पिन सांभाळा!