आश्विनातला पाऊस डोंगराकडून येतो



मागच्या वर्षी आमचे हळवे भात कापून शेतात पडले होते आणि त्यावर पाऊस पडला. त्या दिवशी सकाळी बाबांनी पडवीत उभे राहून खाडीच्या तोंडाकडे, म्हणजे दाभोळच्या बाजूला समुद्राकडे पाहिले. आभाळ निळे स्वच्छ होते. बाबा म्हणाले, "चांगली उघाड आहे, आज कापून टाकू." दुपारी बारापर्यंत दोन चोंढे कापून झाले. आम्ही भाकरी खाऊन सावलीत बसलो होतो. तीनच्या सुमारास पाठीमागून गडगडले. वळून बघतो तर चिपळूणच्या बाजूला आभाळ काळेठिक्कर! भारे बांधायलाही वेळ मिळाला नाही. पुढचे तीन दिवस रोज दुपारी तसेच झाले. चौथ्या दिवशी आईने एक लोंबी उचलून मला दाखवली. दाण्यांतून पांढरे कोंब बाहेर आले होते. आमचे दोन महिन्यांचे तांदूळ गेले आणि ते दुकानातून विकत आणावे लागले.

तेव्हा मी गुरुजींना विचारले, की समुद्राकडे एकही ढग नव्हता तर पाऊस आला कुठून? त्यांनी जे समजावून सांगितले आणि मी यंदा स्वतः जे पाहिले, ते इथे लिहीत आहे.

जूनपासून आपल्याकडे वारा नैऋत्येकडून येतो. तो समुद्रावरची वाफ घेऊन येतो, म्हणून श्रावणापर्यंत पाऊस बघायचा तर समुद्राकडेच बघायचे, हे बरोबर आहे. पण २३ सप्टेंबरच्या सुमारास दिवस आणि रात्र सारखी होतात आणि सूर्य विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला जातो. उत्तरेकडची जमीन थंड होऊ लागते. राजस्थानकडचा कमी दाबाचा पट्टा विरतो आणि नैऋत्येच्या वाऱ्याला ओढणारे कोणी उरत नाही. हवामान खात्याच्या हिशेबाने पाऊस राजस्थानातून साधारण १७ सप्टेंबरला परत फिरतो आणि मुंबईतून ८ ऑक्टोबरला. हा सरासरीचा हिशेब आहे. पाऊस काही कॅलेंडर बघून निघत नाही.

आता खरी गंमत. वारा पडला तरी जमीन पाण्याने भरलेली असते. आकाश मोकळे, ऊन कडक. ओली हवा तापून वर चढते आणि सह्याद्रीच्या उतारावर ती आणखी जोराने चढते. दहा-अकरा वाजता डोंगरावर कापसाच्या बोंडाएवढा ढग दिसतो. दोन वाजेपर्यंत त्याची गंजी होते. वर गेल्यावर त्याचे डोके लोहाराच्या ऐरणीसारखे पसरते. असा ढग बारा-तेरा किलोमीटर उंच जातो. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर आहे, म्हणजे आठ कळसूबाई एकावर एक ठेवा! या दिवसांत वरचा वारा पूर्वेकडून असतो. तो या ढगाला आपल्याकडे ढकलतो. म्हणून आषाढातला पाऊस समुद्राकडून येतो आणि आश्विनातला डोंगराकडून. बाबा बघत होते ते आभाळ स्वच्छच होते, पण ते चुकीच्या बाजूचे होते.

आमची आजी हे वेगळ्या शब्दांत सांगते. हस्त नक्षत्र २७ सप्टेंबरच्या आसपास लागते. आजी म्हणते, "हत्ती कुठं सोंड फिरवील त्याचा नेम नाही. ह्या शेतात पडेल, त्या शेतात नाही." हे अगदी खरे आहे. श्रावणातली झड सगळ्या तालुक्यावर असते, पण हा एकेका ढगाचा पाऊस. त्यामुळे मोबाईलवर रत्नागिरी जिल्ह्याला पिवळा रंग दाखवला तरी आपल्या वाडीत ऊनच राहील असे होते, आणि मग लोक म्हणतात, हवामान खाते खोटे बोलते. रंग पूर्ण जिल्ह्याचा असतो. हिरवा म्हणजे काळजी नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. मागच्या वर्षी त्या दिवशी पिवळाच होता. बाबा म्हणाले होते, "काल पण पिवळाच होता की."

या ढगांत वीज फार असते, आणि नेमकी त्याच वेळी माणसे उघड्या शेतात विळे घेऊन असतात. वीज चमकली की मनात आकडे मोजायला लागा. आवाजाला एक किलोमीटर यायला तीन सेकंद लागतात. पंधरा आकड्यांनी गडगडले तर वीज पाच किलोमीटरवर आहे. तीसच्या आत आकडा आला तर घरी पळायचे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचे नाही. आंब्याच्या झाडाखाली तर मुळीच उभे राहायचे नाही. भात भिजले तर भिजू दे.

समुद्राचे थोडक्यात सांगतो. माझे काका दाभोळच्या बोटीवर खलाशी आहेत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरात समुद्र शांत होतो. भूगोलात आपण शिकलो ते मतलई वारे आता पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहतात आणि दुपारी खारे वारे आत येतात. काका म्हणतात, "शांत दर्या बघून फसायचं नाय." पावसाळ्यात खालचा वारा नैऋत्येचा आणि फार वरचा पूर्वेचा, त्यामुळे चक्रीवादळ उभेच राहू शकत नाही, त्याचे डोके एकीकडे आणि धड दुसरीकडे जाते. पाऊस सरला की ही ओढाताण कमी होते, पाणीही गरम असते. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर हा वादळांचा काळ. ११ नोव्हेंबर २००९ ला फयान अलिबाग आणि मुंबईच्या मध्ये किनाऱ्याला लागले. ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार आले. ते आपल्याकडे जमिनीवर चढलेच नाही, ओमानच्या बाजूला जाऊन समुद्रातच विरले. तरी किनाऱ्यावर काही ठिकाणी पाणी वस्तीत घुसले, कारण ती नेमकी दिवाळीची अमावास्या होती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येते आणि त्यात वादळाच्या लाटा मिळाल्या. काका म्हणतात, त्या वेळी खाडीत बोटी इतक्या दाटल्या होत्या की एका बोटीवरून दुसरीवर पाय टाकत किनाऱ्याला येता येत होते. म्हणून बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला की वारा नसला तरी काका निघत नाहीत. खाडीकाठी ज्यांची खार जमीन आहे त्यांनी उधाणाच्या आधी बांध बघून घ्यावा.

यंदा मी परसात बांबूला फडके बांधले आहे. गणपतीत ते घराकडे, म्हणजे पूर्वेला उडत होते. गेल्या आठवड्यापासून ते सकाळी लोंबकळते आणि कधी कधी खाडीकडे उडते. वारा फिरतो आहे. बाबांना मी हे सांगितले. ते आधी हसले. मग परवा हळवे भात कापताना त्यांनी एकच चोंढा कापला, तोही सकाळी सातला सुरू करून, आणि अकराला भारे बांधून पडवीत आणले. त्या दिवशी पाऊस आलाच नाही! बाबा म्हणाले, "तुझा डोंगर आज सुट्टीवर होता वाटतं." पण भात घरात आहे.

गरवे भात अजून शेतात उभे आहे. त्याला दिवाळीपर्यंत वेळ लागेल. मधल्या सुट्टीत मी शाळेच्या मागच्या बांधावर उभा राहून डोंगराकडे बघतो. ज्याला पहिला ढग दिसेल त्याने घंटेजवळच्या फळ्यावर वेळ लिहावी. पालकांनीही शाळेवरून जाताना तो फळा वाचावा. खडू खिडकीत ठेवला आहे.

— इयत्ता सातवी