अर्ध्या मिनिटात गुंगी

कोलोनोस्कोपीच्या, म्हणजे आतड्याच्या दुर्बीण-तपासणीच्या, टेबलावर पडलेल्या पेशंटला भूलतज्ज्ञ गाव कुठलं, मुलं किती असं काहीबाही विचारत असतात. तेवढ्यात हाताला लावलेल्या नळीतून दुधासारखं पांढरं औषध आत जातं आणि पेशंटचं उत्तर अर्ध्यावरच थांबतं. औषध शिरेतून हृदयात, तिथून फुप्फुसांत, परत हृदयात आणि मग मेंदूत पोचायला जेमतेम अर्धं मिनिट लागतं. डोळे उघडल्यावर पेशंट विचारतो, ‘कधी सुरू करणार?’ तोवर तपासणी उरकलेली असते.

हे प्रोपोफॉल. ते शोधणारे इयन ग्लेन मूळचे पशुवैद्य! 1970 च्या दशकात ब्रिटनच्या आयसीआय कंपनीत त्यांना हा रेणू गवसला. तो तेलकट, पाण्यात विरघळायला तयार नाही. ज्या द्रावणात तो आधी मिसळला त्याची काहींना ॲलर्जी आली, म्हणून सगळं गुंडाळावं लागलं. मग सोयाबीनचं तेल आणि अंड्यातलं लेसिथिन घेऊन त्याचं दुधी मिश्रण बनवलं, आणि 1986 मध्ये औषध बाजारात आलं. पांढरा रंग आहे तो या तेलाच्या सूक्ष्म थेंबांचा. पण असलं खाद्य जंतूंनाही मानवतं. म्हणूनच उघडलेली बाटली ‘राहू दे, पुढच्या पेशंटला होईल’ म्हणून ठेवायची नसते.

मला सगळ्यात अचंबा वाटतो तो जाग येण्याचा. पाच-दहा मिनिटांत माणूस बोलू लागतो, तेव्हा बरंचसं औषध शरीरातच असतं! मेंदूला रक्त भरपूर, म्हणून औषध आधी तिथे पोचतं. मग रक्तातूनच स्नायूंकडे आणि चरबीकडे पांगतं. यकृत त्याचा निकाल लावत राहतं. डोळे उघडले तरी त्या दिवशी स्कूटर चालवू नका, कुठे सही करू नका असं सांगतात ते याचसाठी.

धोका मात्र श्वासाचा. प्रोपोफॉल शुद्ध हरपवतं तसा श्वासाचा हुकूमही मंद करतं. घशाचे स्नायू सैलावतात, जीभ मागे पडते. म्हाताऱ्या माणसाला थोडाच डोस पुरतो. झोपेच्या गोळ्या, दारू, अफूच्या जातीची वेदनाशामकं यांची भर पडली की परिणाम आणखी वाढतो, तेव्हा ‘रोज काय घेता?’ या प्रश्नाला लाजून खोटं उत्तर देऊ नये. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर इथे थोडा फसवा ठरतो. नाकातून ऑक्सिजन चालू असेल, तर श्वास थांबल्यावरही आकडा काही काळ अठ्ठ्याण्णववर निवांत राहतो. कॅप्नोग्राफ मात्र बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजतो. पुढचा उच्छ्वास आला नाही की पडद्यावरची रेघ लगेच सपाट होते. आपण टाकून दिलेल्या हवेवर पहारा ठेवण्याची ही युक्ती मला फार आवडते.

आणि उपास! ‘अर्धा कप चहानं काय होतंय?’ असं आपल्याकडे हमखास ऐकू येतं. गुंगीत ठसक्याची प्रतिक्षिप्त क्रिया मंदावते आणि पोटातलं वर आलं तर थेट फुप्फुसात उतरू शकतं. साधं पाणी साधारणपणे दोन तास आधीपर्यंत चालतं. पण चहात दूध पडलं की हिशेब हलक्या जेवणासारखा, म्हणजे सहा तासांचा.

मिडाझोलाम हे गुंगीचं दुसरं औषध जास्त झालं तर उताऱ्याला फ्लुमाझेनिल आहे, मॉर्फीनला नॅलोक्सोन. प्रोपोफॉलवर असा उतारा नाही. ते उतरेपर्यंत कुणीतरी हनुवटी उचलून धरायची, लागलं तर मास्क आणि पिशवीनं श्वास द्यायचा. आणि हा ‘कुणीतरी’ दुर्बीण हाताळणारा डॉक्टर असून चालत नाही. त्याचे डोळे आतडं दाखवणाऱ्या पडद्यावर खिळलेले असतात. टेबलावर जाण्याआधी खुशाल विचारावं, ‘माझ्या श्वासाकडे कोण बघणार आहे?’