प्रशिक्षणात सर्वांना बोलते कसे करावे?



आपल्या देणग्यांतून सातपुड्यातील पाड्यांवर आरोग्यसेविकांची प्रशिक्षणे होतात. अहवालात आम्ही हजेरीचा आकडा देतो. पण मागे गप्प बसलेल्या बाईला मीठ-साखरेचे प्रमाण कळले की नाही, हे हजेरीपत्रक सांगत नाही. आणि जुलाबाने कोमेजलेले लेकरू रात्री-अपरात्री तिच्याच दारात आणले जाते. म्हणून तिला बोलते करण्याचे काही साधे उपाय येथे देत आहे. आपल्या मंडळीतील महिला संघातही ते चालतील.

पहिला उपाय वेळेचा. भातलावणीचे दिवस आणि बाजाराचा वार टाळावा. बाईचा रोज बुडत असेल तर तो भरून द्यावा. लेकरे सांभाळायला कोणीतरी ठेवावे, नाहीतर तिचे लक्ष दाराकडेच राहते.

दुसरा बसण्याचा. रांगा केल्या की मागची रांग मुकी होते. सर्वांनी गोलात बसावे आणि शिकवणाऱ्यानेही जमिनीवरच बसावे.

तिसरा भाषेचा. पुस्तकी मराठीत प्रश्न विचारला की बाया एकमेकींकडे पाहतात. तोच प्रश्न आधी जोडीजोडीने पावरीत किंवा भिलीत बोलायला द्यावा. उत्तर जोडीचे असते, त्यामुळे चुकण्याची लाज वाटत नाही. पहिले उत्तर चुकले तरी शिकवणाऱ्याने हसू नये. "आणखी कोणाला काय वाटते?" एवढेच विचारावे.

चौथा हाताने करण्याचा. १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे नुसते सांगून सोडू नये. प्रत्येकीने ते स्वतः करावे, चाखावे आणि शेजारणीला शिकवून दाखवावे. पाणी अश्रूंहून खारट लागले तर ओतून द्यावे व नव्याने करावे, कारण जास्त मीठ बाळाला घातक ठरते.

पाचवा मत घेण्याचा. आजारांची चित्रे मांडून प्रत्येकीला मक्याचे पाच दाणे द्यावेत. आपल्या पाड्यात जो आजार जास्त, त्या चित्रावर जास्त दाणे ठेवायचे. लिहिता न येणारीचेही मत असे सर्वांसमोर येते आणि पुढचा विषय बायाच ठरवतात.

हे नवे नाही. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केले. तेथे अनेक निरक्षर महिला गावाच्या आरोग्यसेविका झाल्या. अक्षरओळख नसणे म्हणजे समज नसणे नव्हे, हे त्यांनी दाखवून दिले.

या उपायांना खर्च फारसा नाही, धीर मात्र लागतो. एका दिवसात चार विषय उरकण्याऐवजी एकच होतो. तेव्हा आमच्या अहवालात विषय कमी दिसले तर काळजी करू नये. किती जणी आल्या, हे विचाराच; पण किती जणी बोलल्या आणि किती जणींनी स्वतः करून दाखवले, हेही आम्हांला जरूर विचारा.