मयताची मिळकत : कागदावरील नाव आणि कायद्याचा हक्क

घरातील कर्ता पुरुष जातो, तेरावा होतो, आप्तेष्ट आपापल्या गावी परततात आणि मग कोणीतरी कपाटातील कागदांची पेटी उघडतो. जालना शहरात मस्तगडाच्या जुन्या गढीच्या आसपासचे असेच एखादे घर डोळ्यांपुढे आणावे. पेटीत घराचे कागद, शेताचा सात-बारा आणि बँकेची ठेवपावती निघते. मागे वृद्ध आई, पत्नी, एक मुलगा आणि एक विवाहित मुलगी. ठेवीवर वारस म्हणून नाव लावले आहे ते मुलाचे. ‘नाव माझे, म्हणून पैसा माझा’, असे मुलगा समजतो, आणि शेजारीही माना डोलावतात. पुष्कळ घरांतील कलहाचे बीज याच एका गैरसमजुतीत असते.

बँकेने पैसा कोणाच्या हाती द्यावा, एवढाच प्रश्न नामनिर्देशनाने सुटतो. तो पैसा कोणाचा, हे मृत्युपत्र किंवा वारसा कायदा ठरवितो. ‘कालनिर्णय’कर्ते जयंत साळगावकर २०१३ साली निवर्तले. त्यांच्या गुंतवणुकीवरील नामनिर्देशनाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ डिसेंबर २०२३ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, नामनिर्देशित व्यक्ती ही कंपनीच्या शेअर्सची निर्वेध मालक होत नाही. आयुर्विम्याचे नियम मात्र २०१५ च्या दुरुस्तीनंतर काहीसे निराळे असल्याने ते वकिलाकडून समजून घ्यावेत.

मृत्युपत्र असल्यास त्यावर करणाराची सही आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. त्याची नोंदणी सक्तीची नाही. जालन्यातील हिंदू कुटुंबास त्याचे प्रोबेट घेणेही बंधनकारक नाही. मृत्युपत्र नसेल, तर हिंदू कुटुंबास १९५६ चा हिंदू वारसा कायदा लागतो. मुसलमान कुटुंबास त्यांचा वैयक्तिक कायदा. हिंदू कायद्यान्वये मयताच्या स्वकष्टार्जित मिळकतीत आई, विधवा, मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा. म्हणजे उपरोक्त घरात प्रत्येकाचा चौथा हिस्सा. लग्न झाले म्हणून मुलीचा हिस्सा बुडत नाही, आणि वय झाले म्हणून आईला वगळता येत नाही. मयताचे कर्ज असल्यास वारसांनी ते हाती आलेल्या मिळकतीच्या मर्यादेत फेडावयाचे असते.

आता प्रत्यक्ष कामाचा क्रम पाहू. प्रथम मृत्यूच्या दाखल्याच्या अनेक प्रती घ्याव्यात. शेतजमिनीची वर्दी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे द्यावी. तेथे वारसांची नोंद होऊन फेरफार लिहिला जातो, संबंधितांस नोटीस जाते आणि मग तो प्रमाणित होतो. शहरातील घराचे नाव मिळकत पत्रिकेवर बदलण्यासाठी नगर भूमापन कार्यालयात अर्ज करावा लागतो. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामी राज्यात होता आणि तेथील दप्तर उर्दूत चाले. म्हणून पेटीतील जुना कागद जाणकाराकडून वाचून घेतल्यावाचून बाजूस टाकू नये. फेरफार महसुली कामापुरता असतो. त्याने मालकी निर्माण होत नाही.

ठेवीवर कोणाचेच नाव नसले किंवा वाद उभा राहिला, तर १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यान्वये न्यायालयातून उत्तराधिकार प्रमाणपत्र घ्यावे लागू शकते. ते ठेवी, शेअर्स आणि येणी यांपुरतेच असते. घर वा शेत त्यात येत नाही. त्या आधारे सद्भावाने रक्कम देणारी बँक जबाबदारीतून मोकळी होते. परंतु ज्याच्या हाती रक्कम पडते, त्याला इतर वारसांचा हिशेब चुकविता येत नाही.

या सर्वांत कायद्याच्या मदतीची खरी निकड स्त्रियांना असते. ‘नुसते नाव लावायचे आहे’, असे सांगून आईची किंवा बहिणीची सही ज्या कागदावर घेतली जाते, तो कित्येकदा हक्कसोडपत्राचा असतो. नोंदणी झालेले असे पत्र पुढे रद्द करविणे फार कठीण जाते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने प्रत्येक स्त्रीस, तिचे उत्पन्न कितीही असो, विनामूल्य वकील मिळण्याचा अधिकार दिला आहे. त्यासाठीचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करता येतो. स्वखुशीने हक्क सोडणाऱ्या बहिणीस कोणी अडवीत नाही. मात्र सही करण्यापूर्वी तिने एक प्रश्न अवश्य विचारावा : हा कागद नाव लावण्याचा आहे, की हक्क सोडण्याचा?