नोकरी करत शिक्षक व्हायचंय? 'ऑनलाइन बी.एड.'चे पैसे भरण्याआधी हे वाचा

आपल्या प्रत्येक वस्तीत अशी एक तरी ताई असते. बी.ए. झालेली, जवळच्या विनाअनुदानित शाळेत महिना आठ हजारांवर शिकवणारी, संध्याकाळी वस्तीतल्या मुलांच्या शिकवण्या घेणारी. मुले तिला 'टीचर' म्हणतात, कागदावर मात्र ती शिक्षिका नसते. मग एक दिवस मोबाईलवर जाहिरात येते: 'घरबसल्या ऑनलाइन बी.एड., हजेरीची गरज नाही, एस.सी. विद्यार्थ्यांना शंभर टक्के स्कॉलरशिप.' ताई कागदपत्रे पाठवते, 'नोंदणी फी' म्हणून वीस-पंचवीस हजार भरते. दोन वर्षांनी हातात पडलेली पदवी शिक्षक भरतीच्या पडताळणीत चालत नाही, तेव्हा पैसे आणि वय दोन्ही गेलेले असते.

ही फसवणूक टळू शकते. त्यासाठी तीन गोष्टी नीट समजून घ्याव्या लागतात: कोणती पदवी वैध, ती कोणाला मिळते आणि शिष्यवृत्ती कशावर मिळते.

'ऑनलाइन बी.एड.' नावाचा मान्य अभ्यासक्रम नाही

देशातील शिक्षक-शिक्षणावर राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेचे, म्हणजे एनसीटीईचे नियंत्रण आहे. परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीत बी.एड. करण्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. एक नियमित, म्हणजे रोज कॉलेजात जाऊन. दुसरे दूरस्थ, म्हणजे मुक्त विद्यापीठातून. पूर्ण ऑनलाइन बी.एड.ला परिषदेची मान्यता नाही.

नियमित बी.एड. दोन वर्षांचे आहे. त्यात वर्गातील कामासाठी ८० टक्के आणि शाळेतील प्रत्यक्ष अनुभवासाठी ९० टक्के उपस्थिती लागते. शाळेतील हा अनुभव एकूण २० आठवड्यांचा असतो. त्यामुळे 'हजेरीशिवाय रेग्युलर बी.एड.' असे कोणी सांगत असेल, तर तो नियम मोडून खोटी हजेरी लावणार आहे, एवढाच त्याचा अर्थ. उद्या चौकशी झाली तर कॉलेजचा संचालक सुटेल, अडकेल ती पदवीधर ताई.

येथे एक गोंधळ नेहमी होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्यता दिलेल्या ऑनलाइन आणि दूरस्थ पदव्या नियमित पदवीच्या बरोबरीच्या मानल्या जातात, हे खरे आहे. म्हणून बी.ए., एम.ए. मान्यताप्राप्त विद्यापीठातून ऑनलाइन किंवा दूरस्थ पद्धतीने करायला हरकत नाही. पण 'एम.ए. एज्युकेशन' म्हणजे बी.एड. नव्हे आणि एम.एड.ही नव्हे. शिक्षणशास्त्राचा अभ्यास म्हणून ती पदवी चांगली आहे, मात्र तिच्यामुळे शिक्षक पदाची व्यावसायिक पात्रता मिळत नाही. जाहिराती नेमका याच गोंधळाचा फायदा घेतात.

दूरस्थ बी.एड. कोणासाठी?

महाराष्ट्रात दोन नावे सर्वांना माहीत आहेत. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (स्थापना १९८९) आणि इग्नू (स्थापना १९८५). दोन्ही ठिकाणी बी.एड. नोकरी सांभाळून करता येते, पण ते सर्वांसाठी खुले नाही. एनसीटीईच्या नियमानुसार दूरस्थ बी.एड.ला दोनच गटांना प्रवेश मिळतो:

१. प्राथमिक स्तरावर सेवेत असलेले प्रशिक्षित शिक्षक, म्हणजे ज्यांचे डी.एड. किंवा डी.एल.एड. झालेले आहे.

२. एनसीटीई मान्यताप्राप्त शिक्षक-प्रशिक्षण अभ्यासक्रम नियमित पद्धतीने पूर्ण केलेले उमेदवार.

सोबत पदवीला किंवा पदव्युत्तर पदवीला किमान ५० टक्के गुण लागतात. अनुसूचित जातींसाठी नियमाप्रमाणे सवलत असते. इग्नूत ती ५ टक्के आहे. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचे बी.एड. सेवेतील शिक्षकांसाठी आहे आणि मराठीतून शिकता येते. अभ्यासक्रम दोन वर्षांचा असला तरी पूर्ण करायला पाच वर्षांपर्यंत मुदत मिळते. नोकरी, घर, मुले सांभाळणाऱ्यांसाठी ही सवलत मोठी आहे.

याचा सरळ अर्थ असा की, नुसते बी.ए. करून खासगी शाळेत शिकवणाऱ्या आपल्या ताईला दूरस्थ बी.एड.ला प्रवेश मिळत नाही. तिच्यासाठी मुख्य रस्ता नियमित डी.एल.एड. किंवा सीईटी देऊन नियमित बी.एड. हा आहे. हे कटू आहे, पण आधी कळलेले बरे.

आधी ठरवा, कोणत्या वर्गाला शिकवायचे आहे

११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देवेश शर्मा प्रकरणात स्पष्ट केले की पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बी.एड. ही पात्रता चालणार नाही. त्या वर्गांसाठी डी.एल.एड.च लागते. प्राथमिक शाळेत जायचे असेल तर बी.एड.मागे दोन वर्षे घालवू नका.

दुसरा निकाल १ सप्टेंबर २०२५ चा आहे. सेवेत असलेल्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ बाकी असलेल्या शिक्षकांनाही टीईटी उत्तीर्ण होणे बंधनकारक असल्याचे न्यायालयाने सांगितले आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत दिली. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना नोकरीत राहता येईल, पण टीईटीशिवाय पदोन्नती मिळणार नाही. म्हणजे पदवीसोबत टीईटीचा अभ्यासही चालू ठेवावा लागेल. पहिली ते पाचवीसाठी पेपर एक, सहावी ते आठवीसाठी पेपर दोन.

शिष्यवृत्ती: नोकरी करणाऱ्याला मिळते का?

'तुम्ही नोकरी करता, तुम्हाला स्कॉलरशिप नाही,' असे अनेक कारकून खिडकीवरून सांगून टाकतात. हे सरसकट खरे नाही.

भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती ही आपली मुख्य योजना. राज्यात ती सामाजिक न्याय विभागामार्फत महाडीबीटी पोर्टलवर अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना मिळते. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख रुपये आहे. या योजनेच्या २०१० च्या मार्गदर्शक सूचनांत नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याचा वेगळा विचार केला होता. त्याचे स्वतःचे आणि पालकांचे उत्पन्न मिळून मर्यादेच्या आत असेल, तर सक्तीने भरावे लागणारे आणि परत न मिळणारे शुल्क मिळेल, निर्वाहभत्ता नाही. पत्राचार अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांचाही त्यात समावेश होता. तेव्हा खिडकीवरच्या तोंडी उत्तरावर परत फिरू नका. त्या वर्षीच्या अटी पोर्टलवर वाचा आणि नकार लेखी मागा.

आता हिशेब करू. जानेवारी २०२३ पासून शिक्षण सेवकांचे मानधन प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार झाले. वर्षाचे झाले १ लाख ९२ हजार, २ लाख १६ हजार आणि २ लाख ४० हजार. एकट्याचे मानधन धरले तर तिघेही मर्यादेच्या आत बसतात. पण वडिलांची हमाली किंवा आईची अंगणवाडीतली कमाई त्यात मिळवली की तिघेही बाहेर पडू शकतात. अडीच लाखांची ही मर्यादा २०१३-१४ पासून बदललेली नाही. तेव्हापासून महागाई कुठे गेली आणि फी कुठे गेली, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

मर्यादेबाहेर गेलात तरी दार पूर्ण बंद होत नाही. महाडीबीटीवर अडीच लाखांपेक्षा जास्त उत्पन्न असलेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची वेगळी योजना आहे. तिलाच आपण फ्रीशिप म्हणतो. तिच्यात निर्वाहभत्ता नसतो, पण शुल्काचा भार उतरतो. कायम नोकरीतील शिक्षकाने ती तपासून पाहावी.

अर्ज करण्यापूर्वी आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा:

पहिली, आपले विद्यापीठ आणि अभ्यासक्रम महाडीबीटीच्या यादीत दिसतो का, हे प्रवेश घेण्याआधी पाहा, नंतर नव्हे. इग्नूच्या बी.एड.चे शुल्क अलीकडे ५५ हजार रुपये राहिले आहे. एवढी रक्कम परत मिळेल या भरवशावर कर्ज काढणे धोक्याचे आहे.

दुसरी, क्रम. महाडीबीटीवरील अटींनुसार आधी एम.ए. आणि मग बी.एड. केले तर शिष्यवृत्ती चालते. आधी बी.एड. आणि मग एम.ए. केले, तर व्यावसायिककडून बिगर-व्यावसायिककडे आल्यामुळे एम.ए.ला ती मिळत नाही.

तिसरी, पैसे कोणाच्या खात्यात येतात. २०२१ पासून केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या आधार जोडलेल्या खात्यात येतो. त्यातील शुल्काची रक्कम संस्थेला भरायची असते. ती घरखर्चात गेली की पुढच्या वर्षी कॉलेज निकाल अडवते.

कागदपत्रांत आपली मुले कुठे अडतात

१९५० च्या अनुसूचित जाती आदेशात १९९० साली दुरुस्ती झाली आणि बौद्ध धम्म स्वीकारलेल्या अनुसूचित जातींना केंद्राच्याही सवलती मिळू लागल्या. पण त्या आदेशाच्या यादीत जातींची नावे आहेत, 'नवबौद्ध' असे नाव नाही. राज्याच्या योजनांत 'नवबौद्ध' चालते. इग्नूसारख्या केंद्रीय संस्थेत मात्र केंद्राच्या नमुन्यातील, मूळ जातीचा उल्लेख असलेला अनुसूचित जातीचा दाखला मागितला जातो. दोन्ही दाखले आधीच काढून ठेवा. धम्माने आपण जात सोडली, पण हक्क मागताना हा कायदेशीर तपशील सांभाळावाच लागतो.

सोबत चालू वर्षाचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जात वैधता प्रमाणपत्र, आधार जोडलेले बँक खाते आणि नोकरीत असाल तर संस्थेचे सेवा प्रमाणपत्र लागते. जात वैधतेला वेळ लागतो, म्हणून ते काम प्रवेशाची वाट न पाहता सुरू करा. दूरस्थ किंवा ऑनलाइन प्रवेशासाठी २०२४ पासून यूजीसीचा डीईबी आयडीही काढावा लागतो. हा आयडी काढताना विद्यापीठ आणि अभ्यासक्रम आयोगाच्या यादीत नसेल, तर तिथेच थांबा. आयोगाच्या यादीसोबत एनसीटीईची मान्यताही तपासा.

योजनेतील खरी उणीव

आता पुन्हा त्या ताईकडे येऊ. नियमित बी.एड. करायचे तर तिला नोकरी सोडावी लागेल. वर्षाला ९६ हजार बुडाले. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा वार्षिक भत्ता अभ्यासक्रमाच्या गटाप्रमाणे घरून जाणाऱ्याला अडीच ते सात हजार आणि वसतिगृहात राहणाऱ्याला चार ते साडेतेरा हजार आहे. सर्वांत वरचा आकडा धरला तरी बुडालेल्या पगाराच्या सातव्या हिश्श्याएवढाच होतो. फी माफ झाली, तरी घर कसे चालवायचे? या प्रश्नापाशी आपल्या असंख्य मुली थांबतात. खोटी 'ऑनलाइन' पदवी विकणाऱ्यांचा धंदा याच पोकळीवर चालतो.

म्हणून मागणी नेमकी असावी. उत्पन्नाची मर्यादा महागाईशी जोडा. कमावत्या विद्यार्थ्याला शिक्षण घेण्यासाठी बिनपगारी रजा आणि तेवढ्या काळापुरता खरा निर्वाहभत्ता द्या. वर्षानुवर्षे शाळेत शिकवणाऱ्या अप्रशिक्षितांसाठी मान्यताप्राप्त सेवांतर्गत अभ्यासक्रम उघडा. निवेदन देताना 'शिष्यवृत्ती वाढवा' एवढेच लिहून भागत नाही. आकडे आणि नियम घालून लिहिले तर अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते.

विहारात काय करता येईल

तोपर्यंत आपल्या हातात काय आहे? रविवारच्या वंदनेनंतर एक तास पुरेसा आहे. विहारात एक लॅपटॉप, एक प्रिंटर आणि पोर्टलची माहिती असलेले दोन युवक एवढी तयारी करा. वस्तीतील बिनप्रशिक्षित शिक्षिका आणि शिक्षकांची यादी काढा. कोण डी.एल.एड.कडे जाईल, कोण बी.एड.कडे, कोणाची जात वैधता बाकी आहे, ते वहीत लिहा. जयंतीच्या वर्गणीतून दोघांची परीक्षा फी भरता आली तर तीही भरा. आणि गटावर 'घरबसल्या बी.एड.' अशी जाहिरात आली की पुढे पाठवण्याऐवजी तिच्याखाली हा खुलासा टाका.

कमावत शिकणे आपल्या चळवळीला नवे नाही. लंडनचे अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी बाबासाहेबांनी १९१८ ते १९२० सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत आणि मित्राकडून उसने पैसे घेतले आणि पुन्हा विद्यार्थी झाले. १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडले तेव्हा वर्ग सकाळी ठेवले, कारण दिवसा कामावर जाणारा मुलगाही पदवीधर व्हावा. कॉलेजचे वेळापत्रक कामगाराच्या सोयीने आखता येते, हे त्यांनी ८० वर्षांपूर्वी करून दाखवले. आजचे नियम करणाऱ्यांना तेच पुन्हा विचारायचे आहे.

तुमच्या वस्तीतली ती ताई येत्या रविवारी विहारात आली, तर तिला आधी एकच प्रश्न विचारा: तुला कोणत्या वर्गाला शिकवायचे आहे? बाकी सगळे त्या उत्तरावरून ठरते.

जय भीम!